डेरिंग म्हणजे नक्की काय? (आणि मी उद्या फोन करू का?)

भोसरीचा लेथवाला | बुधवार, रात्री १०:१४

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या उद्योजकांच्या ग्रुपने एक व्याख्यान ठेवलं होतं. विषय 'व्यवसाय आणि धैर्य'. वक्ते झकास बोलले. परतीचे दोर कापा, रिस्क घ्या, मराठी माणूस इथेच मागे पडतो वगैरे. शेवटी बटाटेवडा आणि कॉफी. मीही छाती फुगवून घरी आलो. बायकोने विचारलं काय काय सांगितलं, तर दोरापलीकडे काही आठवेना.

आज वेळ आली आहे आणि प्रश्न दोराचा नाही, एका फोनचा आहे.

जरा सविस्तर लिहितो. माझं छोटं मशीन शॉप आहे. चार सीएनसी, एक व्हीएमसी (ही सगळी संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं), अकरा माणसं. चाकणच्या एका कंपनीला आमचं एक हाउसिंग (आत दुसरा भाग बसतो असं धातूचं कवच) जातं. त्यात ३२ एच-७ चा बोअर, म्हणजे गोल भोक, व्यास ३२.००० ते ३२.०२५ मिमीच्या हद्दीत. पुढे तिकडे त्यात बुश (धातूची छोटी नळी) प्रेस होतो, म्हणजे दाबून बसवतात. बोअर तपासायला डायल बोअर गेज आणि ते गेज शून्यावर लावायला मास्टर रिंग, म्हणजे अचूक व्यासाची कडी. अशा दोन रिंगा आमच्याकडे आहेत, दिसायला जुळ्या. एकीवर कोरलंय ३२.०००, दुसरीवर ३२.०१२. ती दुसरी वेगळ्या पार्टची. कोरलेला आकडा इतका बारीक की मला चष्म्याशिवाय दिसत नाही. रविवारी दुसऱ्या शिफ्टला कुणीतरी रिंगा ठेवताना डब्यांची अदलाबदल केली. तेव्हापासून आमचं गेज ३२.०१२ लाच शून्य समजतंय. गेज बारा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) दाखवतं तेव्हा बोअर असतो चोवीस. गेज अठरा दाखवतं तेव्हा बोअर कधीच हद्दीबाहेर गेलेला असतो.

मंगळवारी संध्याकाळी ४८० नग चाकणला गेले.

पकडलं कुणी, तर सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या डिप्लोमावाल्या ट्रेनी मुलीने. वय २१. आज शिफ्ट सुटताना केबिनच्या दारात उभी, हातात रिंग, एप्रनच्या टोकाने पुसतेय. "सर, यावरचा आकडा वाचता का जरा?" तिने दुपारीच सुपरवायझरला सांगितलं होतं. तो म्हणाला, शेठना आत्ता नको सांगूस, शुक्रवारी बघू.

शॉपवर ६० नग शिल्लक होते. बरोबर रिंगवर गेज लावून ते मी स्वतः मोजले. १९ बाहेर. दोन ते सहा मायक्रॉनने. म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा दहावा भागही नाही.

आता हिशेब. फोन केला तर डेबिट नोट (म्हणजे माझ्या बिलातून कपात), सॉर्टिंगचा खर्च, रेटिंग खाली. त्याच कंपनीत एका नव्या पार्टचं माझं कोटेशन गेलेलं आहे आणि त्याच्याच भरवशावर व्हीएमसी घेतलंय. ३८ लाखांचं कर्ज, ८१ हजार हप्ता, इंद्रायणीनगरचा फ्लॅट तारण. फोन नाही केला तर बहुतेक काहीच होणार नाही. बहुतेक.

उद्या गुरुवार, एमआयडीसी बंद. तेवढाच वेळ आहे. बोला.

पेठेतला टग्या | रात्री १०:२१

पुण्यात डेरिंग म्हणजे दुपारी दोन वाजता दुकानाची कडी वाजवणे. बाकी सगळं त्याच्या खालोखाल.

(सॉरी, राहवलं नाही. करा हो फोन.)

रोखठोक काका | रात्री १०:३७

मी वेगळं बोलणार आहे, शिव्या पडतील. ३५ वर्षं याच लाईनमध्ये काढली. सहा मायक्रॉनने जगबुडी होत नाही. ड्रॉइंग काढणाऱ्याने आधीच भरपूर पदर ठेवलेला असतो. तुम्ही फोन करून हरिश्चंद्र व्हाल आणि तुमच्या शेजारच्या गाळ्यातला, जो रोज असला माल पाठवतो, तो तुमचं नवं पार्ट घेऊन जाईल. अकरा घरं चालतात तुमच्यावर. त्यांचा विचार करणं याला भित्रेपणा म्हणत नाहीत. रिंगा बदला, पुढचा माल चोख द्या आणि गप्प बसा.

चाकणचा एसक्यूए | रात्री १०:५८

मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसतो (सप्लायर क्वालिटी, कंपनी विचारू नका). काकांचा आदर ठेवून सांगतो, सहा मायक्रॉनचं काय करायचं हे ठरवायचा अधिकार ज्याला ड्रॉइंग कळतं त्याचा आहे. तुम्हाला आतला बुश कोणता, त्यावर किती लोड, किती तापमान, यातलं काहीच माहीत नाही. काकांनाही नाही आणि मलाही नाही.

व्यवहाराचंच बोलू. उद्या सुट्टी म्हणजे तुमचा माल आमच्यासारख्यांच्या स्टोअरमध्ये जागच्या जागी उभा आहे. उद्या फोन केलात तर खर्च फक्त मोजण्याचा. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला तो लाईनवर चढला की बुश, मजुरी, प्रेसचा वेळ सगळं तुमच्या नावावर. पुढे असेंब्लीत गेला की सुटे भाग करून शोधा. आणि गाडीत बसून शोरूमला पोचला तर तो खर्च मोजायला तुमचा फ्लॅटही पुरणार नाही. दोष तोच, सहा मायक्रॉन. फक्त उशीर वाढतो.

फोन करताना हे हाताशी ठेवा: चलन नंबर, तारीख, कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंतचा माल, शॉपवर मोजलेल्या ६० नगांची आकडेवारी. "थोडा प्रॉब्लेम आहे" असं म्हणू नका. "४८० नग संशयित आहेत, होल्डवर टाका, मी माणसं घेऊन मोजायला येतो" असं एका दमात सांगा. समोरचा ओरडेल. ओरडू द्या.

सिंहगड रोडकर | रात्री ११:२६

धागा बाजूला नेतो थोडा, पण ते दोर डोक्यात बसलेत.

रोज खिडकीतून किल्ला बघतो म्हणून सांगतो, १६७० ची गोष्ट आपण सोयीने अर्धीच लक्षात ठेवली आहे. दोर कापले ते केव्हा? तानाजी पडल्यावर, माणसं माघारी पळू लागल्यावर. आणि कापले कुणी, तर सूर्याजीने, जो स्वतः वरच उभा होता. त्याला दुसरा दोर नव्हता. आमच्या ऑफिसात दर तिमाहीला एक साहेब येतात आणि आमचे दोर कापून जातात. त्यांचा स्वतःचा दोर शाबूत असतो, शिवाय खाली गाडी चालू ठेवलेली. टार्गेट चुकलं तर टीम जाते, साहेबांची बदली होते बंगळुरूला, बढतीवर.

माझ्यापुरती व्याख्या: नुकसान झालं तर पहिला फटका ज्याला बसणार आहे त्याने घेतलेली जोखीम म्हणजे धाडस. दुसऱ्याला बसणार असेल तर त्याला मराठीत वेगळे शब्द आहेत, संपादक उडवतील म्हणून लिहीत नाही.

पेठेतला टग्या | रात्री ११:३१

कायप्पावर (व्हॉट्सअ‍ॅपवर) ढकलू का हे? नावासकट ढकलतो.

हिंजवडीची रोजची प्रवासी | रात्री ११:५२

मालक, सगळे तुमच्या डेरिंगबद्दल बोलतायत. तुमच्याकडे घर आहे, मशीन आहे, नाव आहे. त्या मुलीकडे काय आहे? ट्रेनी. सुपरवायझरने गप्प बस सांगितलेलं. तरी ती त्याला ओलांडून तुमच्या दारात आली. या गोष्टीत आत्तापर्यंत एकाच माणसाने धाडस केलंय आणि तिचा उल्लेख तुमच्या पोस्टमध्ये एका परिच्छेदात संपला.

आमच्याकडे आयटीतही हेच. रिलीज शुक्रवारी, बग बुधवारी दिसलेला, मीटिंगमध्ये पंधरा चेहरे आणि सगळे म्यूटवर. कुणीच मूर्ख नसतं. मागच्या वेळी बोललेल्याचं अप्रेझल काय झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

एमी एडमंडसन म्हणून एक अमेरिकन संशोधक आहेत. १९९० च्या दशकात त्या हॉस्पिटलच्या टीम्सचा अभ्यास करत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीमच्या हातून औषधं देताना चुका कमी होत असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीम्सच्या चुका जास्त. मग उलगडा झाला की चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या दाबल्या जात होत्या.

तर प्रश्न असा: तुमचा सुपरवायझर "शेठना नको सांगूस" का म्हणाला?

निगडीचा इतिहासवेडा | गुरुवार, सकाळी ७:०५

सकाळी चहाबरोबर सगळा धागा वाचला. आपल्याच परिसरातली उदाहरणं घ्या ना, कशाला लांब जायचं.

थरमॅक्स, बॉयलर बनवणारी पुण्याची कंपनी. १९९६ साली प्रमुख रोहिंटन आगा अचानक गेले आणि त्यांच्या पत्नी अनू आगांवर कंपनी आली. आधीच्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात उतरलेली. पुढच्याच वर्षी त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. मग मंदी, शेअर कोसळला. एका भागधारकाचं निनावी पत्र आलं, तुम्ही आमची निराशा केलीत अशा अर्थाचं. बाईंनी ते पत्र केराच्या टोपलीत टाकलं नाही. बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळ नव्याने बांधलं, जे धंदे मुख्य कामाशी जुळत नव्हते ते सोडले. २००४ मध्ये कंपनी रुळावर असताना अध्यक्षपद मुलीकडे देऊन बाजूला झाल्या. मला यातलं सगळ्यात मोठं धाडस ते बाहेरचा माणूस बोलावण्याचं वाटतं. घरच्या कंपनीत घरच्याच माणसांसमोर "आम्हाला जमत नाहीये" हे कबूल करायचं.

दुसरं, लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते. नांगर पडून. माणसाने तरी नांगर सोडला नाही, १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर निवडुंग आणि साप यांच्यात कारखाना वसवला.

तिसरं जवळचं. २०२० मध्ये पुण्याजवळच्या मांजरी गावात सीरम इन्स्टिट्यूटने कोविड लशीच्या चाचण्या पूर्ण व्हायच्या आतच उत्पादन सुरू केलं. लस फेल गेली असती तर सगळा साठा गटारात. जानेवारी २०२१ मध्ये ट्रक बाहेर पडले तेव्हा माल तयार होता.

रोखठोक काका | सकाळी ७:४८

ज्यांचं बुडालं त्यांची चरित्रं कुणी छापत नाही, इतिहासवेडे. जमीन नासते म्हणणाऱ्यांपुढे टिकून राहिलेला एक किर्लोस्कर आठवतो. त्याच काळात आणखी किती जणांनी घरदार विकून काय काय बनवलं असेल आणि ते खरंच कुणाला नको असेल, त्यांची नावं सांगा.

बजाजचंच घ्या. २००९ च्या डिसेंबरमध्ये स्कूटर बंद करणार म्हणून जाहीर केलं. मोटरसायकलवरच लक्ष द्यायचं. राजीव बजाज यांचा निर्णय, आणि वडिलांनी, राहुल बजाज यांनी, आपल्याला वाईट वाटल्याचं उघड बोलून दाखवलं. तेव्हा सगळे म्हणाले वा काय डेरिंग. मग गिअर नसलेल्या स्कूटरींनी रस्ते भरले, कॉलेजच्या पोरी काय आणि आजोबा काय. २०२० ला चेतक परत आली, बॅटरीवरची. आता सांगा, ते धाडस होतं की हट्ट?

निगडीचा इतिहासवेडा | सकाळी ८:१५

दोन्ही. पल्सरवर सगळी ताकद लावल्यामुळेच कंपनी जगभर मोटरसायकली विकू शकली, असंही म्हणता येतं. पण मला इथे आवडतं ते वेगळंच. बापलेकांचं पटलं नाही, ते बापाने जाहीर बोलून दाखवलं, आणि तरी निर्णय लेकाचाच राहिला. किती घरांत होतं हे? आमच्या आळीत दुकानाची पाटी बदलण्यावरून दोन भाऊ कोर्टात आहेत.

राहुल बजाज तसेही बोलायला घाबरणारे नव्हते. ३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईच्या एका समारंभात, समोर गृहमंत्री बसलेले असताना, लोक सरकारवर टीका करायला घाबरतात असं उभं राहून म्हणाले. सभागृहात बाकी उद्योगपती कमी नव्हते.

बँकेतून सुटलेला | सकाळी ९:०२

माझी हयात कर्ज देण्यात गेली, तीही बऱ्यापैकी पिंपरी-चिंचवडात. धाडसी माणसं टेबलापलीकडून रोज बघितली.

दोन प्रकार. एक जण येऊन म्हणायचा, "साहेब, पुढच्या महिन्याचा हप्ता अवघड दिसतोय, ऑर्डर पुढे गेली." हा प्रकार दुर्मिळ. दुसरा फोन उचलायचा बंद व्हायचा. मग आम्ही गाळ्यावर जायचो, तर शेठ आत्ताच बाहेर पडलेले असायचे आणि चहाचा कप अजून गरम. लोकांना कळत नाही की खातं ९० दिवस थकल्यावर एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. त्याच्या आधी ३० दिवस, ६० दिवस असे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात मॅनेजरच्या हातात पुष्कळ असतं, मुदत वाढवता येते, लिमिट तात्पुरतं वाढवता येतं. ९० नंतर फाईल दुसऱ्या खात्याकडे जाते आणि तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही.

आणि रिस्क घ्या म्हणणाऱ्या वक्त्यांना एक विचारा: पर्सनल गॅरंटीवर सही करताना बायकोला कागद वाचून दाखवला होता का? मी आग्रहाने वाचून दाखवायचो. दोन-तीन घरांत तिथेच कर्ज रद्द झालं. मॅनेजर म्हणून माझं टार्गेट गेलं, पण ती माणसं अजून रस्त्यात भेटली की थांबतात.

लेथवाले, तुमच्या धाग्यात मला एकच आकडा दिसला नाही. हातात किती महिन्यांचे हप्ते आहेत? तीन असतील तर फोन करायला कमी धाडस लागेल. अजिबात नसतील तर फार लागेल. ते आधीच साठवायचं असतं. लोक त्याला कंजूषपणा म्हणतात.

कुदळवाडीचा फॅब्रिकेटर | सकाळी ९:४०

चुकीबद्दल फोन करायचं सोडा, आम्हाला स्वतःचे पैसे मागायला फोन करायचं डेरिंग होत नाही. एका मोठ्या कंपनीकडे सात महिने बिल अडकलंय.

कायदा आमच्या बाजूने आहे. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस, त्यावर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रारीला सरकारी पोर्टल आहे, तंटा सोडवायला परिषद आहे. पण तक्रार टाकली त्या दिवसापासून ऑर्डर बंद, हे दोघांनाही माहीत असतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचं ४३बी(एच) कलम आलं, मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही, तेव्हा वाटलं आता सुटलो. काही ठिकाणी मार्चमध्ये खरंच पैसे आले. एका ठिकाणी परचेसवाल्याने गोड आवाजात विचारलं, तुमचं ते उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) ठेवायलाच हवं का?

मी हसलो. हसलो म्हणजे ह्यॅ ह्यॅ केलं. रात्री झोप आली नाही.

हिंजवडीची रोजची प्रवासी | सकाळी १०:१०

@फॅब्रिकेटर: एकट्याने नाही, पाच जणांनी मिळून तक्रार टाकली तर? पाचही जणांच्या ऑर्डरी एकदम बंद करणं त्यांना परवडेल?

कुदळवाडीचा फॅब्रिकेटर | सकाळी १०:१६

ताई, त्या पाचात पहिला कोण ते ठरवायलाच चार मीटिंगा झाल्या. वडापावचा खर्च माझा.

जुना टूलरूमवाला | सकाळी १०:४५

ओ-रिंगची (गोल रबरी सीलची) गोष्ट कुणी काढली नाही म्हणून. २८ जानेवारी १९८६, अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं होतं की इतक्या थंडीत रबरी सील वेळेवर फुलणार नाहीत, उड्डाण पुढे ढकला. पलीकडून, म्हणजे नासाकडून, दाब आला, मग कंपनीच्याच वरिष्ठांनी मत फिरवलं. अ‍ॅलन मॅकडोनाल्ड नावाच्या माणसाने संमतीपत्रावर सही करायला नकार दिला, तर त्याच्या वरच्याने केली. ७३ सेकंदांत यान फुटलं, सात माणसं गेली. पुढे चौकशीत मॅकडोनाल्डने तोंड उघडलं, तर कंपनीने त्याचीच जागा खाली आणली. अमेरिकन संसदेने लक्ष घातल्यावर ती परत मिळाली.

तुमच्या हाउसिंगमुळे यान पडणार नाही, माहीत आहे. पण त्या रात्री टेबलाभोवती बसलेल्यांनाही वाटत असेल, बहुतेक काही होणार नाही. तुमच्या पोस्टमधला तो एका शब्दाचा 'बहुतेक' मी तीनदा वाचला.

रोखठोक काका | सकाळी १०:५९

झालं. भोसरीच्या बोअरवरून थेट अंतराळात. धन्य.

संपादक | सकाळी ११:३०

दोन प्रतिसाद उडवले आहेत. 'गुजराती वि. मराठी' साठी वेगळे धागे आहेत, चिक्कार आहेत.

भोसरीचा लेथवाला | गुरुवार, दुपारी १:२०

केला फोन.

साडेअकराला. त्याआधी गॅलरीत दोन चकरा, एक चहा, आणि सिगरेट सुटून सहा वर्षं झाली नसती तर तीही. तिकडचा क्वालिटीचा माणूस मुलाला घेऊन मिसळीच्या रांगेत उभा होता, मागे नंबर पुकारल्याचा आवाज. एसक्यूए साहेबांनी सांगितलं तसं एका दमात बोललो. पलीकडे दहा सेकंद शांतता. मग म्हणाला, "१२० कालच प्रेस झालेत हो." माझ्या पोटात खड्डा. बाकीचे ३६० स्टोअरमध्ये आहेत, त्यांवर लाल टॅग लावायला त्याने सिक्युरिटीला फोन लावला. मग रीतसर ओरडला. मग म्हणाला, उद्या सकाळी आठला गेटवर या, स्वतःचं गेज घेऊन या आणि या वेळी रिंगवरचा आकडा वाचून या.

@हिंजवडी: तुमच्या प्रश्नाने रात्री झोपू दिलं नाही. उत्तर माहीत आहे मला. दोन वर्षांपूर्वी याच सुपरवायझरने शंका आली म्हणून रात्री मशीन थांबवलं होतं. चार तास गेले, काही निघालं नाही. सकाळी मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानंतर त्याने कधी मशीन थांबवलेलं मला आठवत नाही, आणि मी इतके दिवस समजत होतो की शॉप सुधारलंय.

@बँकेतून सुटलेला: एक महिना आणि वर थोडं.

पेठेतला टग्या | दुपारी १:२४

_/\_ मालक.

चाकणचा एसक्यूए | दुपारी २:०५

रात्रीच स्वतःचे ६० नग मोजलेत ते फार बरं केलंत. उद्या डबा घेऊन जा, कँटीनचं कूपन सप्लायरला मिळेलच असं नाही.

भोसरीचा लेथवाला | शनिवार, रात्री ९:३५

हिशेब टाकतो, बरेच जण व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारतायत.

शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. मी, सेटर मामा (मशीन आणि गेज लावून देणारे) आणि ती मुलगी. मामा चौदा वर्षं माझ्याकडे आहेत. जाताना गाडीत अक्षर बोलले नाहीत, कारण रविवारी दुसऱ्या शिफ्टला तेच होते. स्टोअरच्या कोपऱ्यात पुठ्ठा टाकून बसलो. मामा नग पुसून द्यायचे, मुलगी गेज घालून आकडा म्हणायची, मी लिहायचो. साधारण शंभराव्या नगानंतर मामा म्हणाले, "दे, तुझा हात दुखला असेल," आणि गेज स्वतः घेतलं. शनिवारी दुपारपर्यंत ३६० संपले. १११ बाहेर.

प्रेस झालेल्या १२० पैकी पाच नगांचे बुश त्यांच्या डिझाईनवाल्यांनी मशीनवर दाबून बाहेर काढून बघितले. किती जोर लागतो ते मोजतात. चार पास. पाचवा खालच्या मर्यादेच्याही खाली. सगळे १२० होल्डवर.

डेबिट नोट १ लाख १२ हजारांची. परचेसवाल्याने केबिनमध्ये उभं करून ऐकवलं. नव्या पार्टबद्दल मी विचारलं नाही, तेही बोलले नाहीत. रेटिंग एका पायरीने खाली. बँकेत सोमवारी जातोय, हप्त्याच्या आधी.

रोखठोक काका | शनिवार, रात्री ९:५०

चार पास झाले हे वाचलंत ना सगळ्यांनी? एवढंच नोंदवतो.

जुना टूलरूमवाला | रात्री ९:५२

पाचवा कुठल्या गाडीत बसला असता?

रोखठोक काका | रात्री १०:१५

…

बरं. लेथवाले, हप्त्याला कमी पडले तर व्यनि करा. लाखभर पडून आहेत माझे. व्याज नको. टिंगल करणाऱ्यांनी गप्प बसावं.

हिंजवडीची रोजची प्रवासी | रात्री १०:२२

आणि मुलगी? की परत एका वाक्यात संपली?

भोसरीचा लेथवाला | रात्री १०:४०

तिला कायम करतोय असं म्हणालो. ती म्हणाली, सर, ते नंतर बघू, आधी रिंगांना दोन वेगळे रंग लावू या का, आणि गेज कुणी सेट केलं ते लिहायला एक वही ठेवू या. मग म्हणाली, सुपरवायझर सरांना काही बोलू नका, मला त्यांच्याच हाताखाली काम करायचंय. त्याला मी बोललो नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीबद्दल मात्र त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, मला आठवत पण नाही शेठ. आठवतंय त्याला.

भोसरीचा लेथवाला | पुढचा बुधवार, संध्याकाळी ७:१०

शेवटचं अपडेट, मग धागा संपादकांनी बंद केला तरी चालेल.

नव्या पार्टचं अजून काही कळलेलं नाही. बँकेने एका हप्त्याला पंधरा दिवस दिले. काकांकडून घेतले नाहीत, पण त्यांच्याकडे चहा पिऊन आलो.

आज दुपारी तीनला सुपरवायझरने दोन नंबरचं मशीन थांबवलं. म्हणे स्पिंडलचा आवाज वेगळा येतोय. सगळे गोळा झाले, माझ्याकडे बघत. मी कान लावला, मामांनी कान लावला, पट्टा बघितला, चक काढून परत बसवला. चाळीस मिनिटं मशीन बंद. काही निघालं नाही.

मी चहा सांगितला.

वाघोलीचा नवशिक्या | संध्याकाळी ७:४४

पूर्ण धागा वाचला, मस्त. अवांतर प्रश्न: ३२ ची मास्टर रिंग आकडा ठळक कोरून कुठे मिळेल? आमच्याकडची पण वाचता येत नाही.

भोसरीचा लेथवाला | संध्याकाळी ७:५०

टेल्को रोडला एक जण करून देतो. व्यनि करतो. आणि आत्ता जाऊन डब्या उघडून बघा.